कॉर्टिसोन : धूर गेला, आगीचं काय?

'हॉर्मोन' हा शब्द अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०५ साली वापरात आणला. पण हॉर्मोन आणि कातडीचं नातं त्याआधीच नोंदवलं गेलं होतं. मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी बिघडल्या की माणूस खंगतो, कातडी काळवंडते, हे लंडनच्या टॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये लिहिलं.

पुढचा धागा सांध्यांच्या दुखण्यातून मिळाला. गर्भारपणात किंवा कावीळ झाल्यावर संधिवाताची सूज उतरते, हे अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी पाहिलं. म्हणजे सूज शमवणारं काहीतरी शरीरातच असणार! या ग्रंथींत सापडलेला एक पदार्थ सप्टेंबर १९४८ मध्ये त्यांच्या एका रुग्ण स्त्रीला टोचला गेला. काही दिवसांत ती चालू लागली. हेच कॉर्टिसोन. १९५० चं नोबेल हेंच, केंडल आणि राइखस्टाइन यांना मिळालं.

कातडीवर चोळून मात्र कॉर्टिसोन चालेना. शरीरात त्याचं हायड्रोकॉर्टिसोन होतं, तेव्हाच ते काम करतं, आणि हा बदल मुख्यतः यकृतात होतो. १९५२ मध्ये सल्झबर्गर आणि विटन यांनी थेट हायड्रोकॉर्टिसोनचंच मलम इसबावर लावून गुण दाखवला. रात्र रात्र खाजवत बसणाऱ्यांना झोप लागली. हे काही लहान काम नव्हे.

पण आमचे नैयायिक इथं थांबवतात. धुरावरून आगीचं अनुमान करा, म्हणतात. धूर नाही म्हणून आग नाही, असं म्हणू नका. त्यांचं ठरलेलं उदाहरण म्हणजे तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा. धूर नाही, पण हात लावून बघा!

इसब, सोरायसिस हे तसेच गोळे. मलमानं लाली जाते, आजाराचा कल राहतो. सोरायसिसवर घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या एकदम सोडल्या, तर अंगभर पुवाचे फोड येऊन जिवावर बेतू शकतं. नायट्यावर तेच मलम लावलं तर खाज थांबते आणि बुरशी आत निवांत पसरते. चेहऱ्यावर महिनोन्महिने लावलं तर कातडी पातळ होते. अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केंद्र सरकारनं २०१८ साली केला. तरी आपल्याकडं 'गेल्या वेळची ट्यूब द्या' म्हटलं की काम होतं.

स्टेरॉइड वाईट, असं मी म्हणत नाही. कुठं, किती दिवस आणि कसं कमी करत आणायचं, हे ठरवणारा डॉक्टर हवा, एवढंच. खाज थांबली का, हे आपण विचारतोच. गोळा थंड झाला का, हेही विचारायला हवं.