साठ किलोमीटर, पाच मुक्काम : बर्गंडीच्या द्राक्षबागांतून निवांत मोटारप्रवास

फ्रान्सच्या द्राक्षप्रदेशांत मोटारीने फिरण्याचा बेत आखताना बहुतेकांचा नकाशा गरजेपेक्षा मोठा होतो. शँपेन, अल्सास, बर्गंडी आणि बोर्दो ही चारही नावे एका आठवड्यात बसवली जातात. मग सुटीचा मोठा भाग महामार्गांवर आणि टोलनाक्यांवर खर्च होतो. पॅरिस ते बोर्दो हे अंतरच जवळपास ६०० किलोमीटर आहे. निवांत प्रवास हाच हेतू असेल, तर एकच प्रदेश निवडून तेथे चार-पाच दिवस राहणे हितावह ठरते. पूर्व फ्रान्समधील बर्गंडीचा ‘कोत दोर’ हा पट्टा त्यासाठी विशेष सोयीचा आहे.

मार्ग आणि भूगोल

दिजों शहराच्या दक्षिण सीमेपासून सांतने गावापर्यंत जाणारा ‘रूत दे ग्रां क्रू’ हा द्राक्षमार्ग १९३७ मध्ये आखण्यात आला. त्याची लांबी सुमारे ६० किलोमीटर आहे. न थांबता गेल्यास दीड-दोन तासांत तो संपतो. म्हणूनच तो पाच मुक्कामांत विभागणे शक्य होते. मार्गाच्या मध्यापाशी बोन हे तटबंदीचे टुमदार शहर आहे. बोनच्या उत्तरेकडील भागाला ‘कोत द न्वी’ म्हणतात. तेथे मुख्यतः पिनो न्वार या काळ्या द्राक्षाची तांबडी वाइन होते. बोनभोवतालच्या आणि दक्षिणेकडील ‘कोत द बोन’ भागात तांबड्या वाइनबरोबर शार्दोने द्राक्षाच्या नामांकित पांढऱ्या वाइन तयार होतात.

डी ९७४ हा सरळ मुख्य रस्ता या पट्ट्यातून जातो. उत्तरेकडील भागात त्याच्या पश्चिमेला उताराच्या मध्यावर सर्वाधिक मोलाच्या बागा आहेत, तर पूर्वेकडील सखल जमीन बहुतांशी साध्या प्रतीची मानली जाते. त्यामुळे दिजोंहून निघाल्यावर मुख्य रस्ता सोडून गावागावांतून जाणारा डी १२२ हा अरुंद रस्ता धरावा. जव्रे-शांबेर्तँ, मोरे-सँ-दनी, शांबोल-म्युझिन्यी आणि वूजो ही गावे त्याच वाटेवर लागतात.

लेबल वाचण्यापूर्वी

या प्रदेशात वाइनची ओळख उत्पादकाइतकीच जमिनीच्या तुकड्यावरून होते. अशा प्रत्येक नामांकित तुकड्याला ‘क्लिमा’ म्हणतात. २०१५ मध्ये युनेस्कोने या क्लिमांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. न्वी-सँ-जॉर्जजवळील सितो येथे १०९८ मध्ये स्थापन झालेल्या मठातील साधूंनी येथे शतकानुशतके द्राक्षशेती केली. त्यांनी भिंत घालून बंदिस्त केलेली ‘क्लो द वूजो’ ही सुमारे ५० हेक्टरची बाग आजही पाहता येते. फ्रेंच राज्यक्रांतीत मठांच्या जमिनी जप्त होऊन विकल्या गेल्या. पुढे वारसाहक्काने वाटण्या होत गेल्या. आज या एका बागेचे सुमारे ८० मालक आहेत. एकाच बागेच्या नावाच्या दोन बाटल्यांत चव आणि किंमत यांचे अंतर का असते, याचे उत्तर बऱ्याच अंशी येथे मिळते.

लेबलवरील दर्जाच्या चार पायऱ्या आहेत : प्रादेशिक, गावाच्या नावाची, ‘प्रमिए क्रू’ आणि सर्वोच्च ‘ग्रां क्रू’. येथे एक गफलत हमखास होते. जव्रे गावाने १८४७ मध्ये आपल्या प्रसिद्ध बागेचे नाव स्वतःला जोडून घेतले. त्यामुळे ‘जव्रे-शांबेर्तँ’ ही गावाच्या पातळीची वाइन असते, तर नुसते ‘शांबेर्तँ’ लिहिलेली बाटली ग्रां क्रू असते. दोहोंच्या किमतींत अनेक पटींचा फरक पडतो. वोन-रोमाने गावातील ‘रोमाने-कोंती’ ही जगप्रसिद्ध बाग जेमतेम १.८ हेक्टरची आहे. दगडी क्रूसाजवळ रस्त्यावर उभे राहून ती पाहता येते. आत पाऊल टाकणे मात्र शिष्टाचाराला धरून नाही.

दिवसांची मांडणी

पॅरिसमधून मोटार घेण्याऐवजी वेगवान रेल्वेने दिजोंला यावे. हा प्रवास साधारण दीड-पावणेदोन तासांचा आहे. पहिली रात्र दिजोंत मोटारीविना काढावी. दुसऱ्या दिवशी सकाळी तेथेच मोटार ताब्यात घेऊन डी १२२ मार्गे बोन गाठावे आणि उरलेल्या चार रात्री तेथेच मुक्काम ठेवावा. रोज सामान बांधण्याचा त्रास त्यामुळे वाचतो.

तिसरा दिवस बोन शहरासाठी राखावा. ड्यूकचे चान्सलर निकोला रोलँ आणि त्यांच्या पत्नी गिगोन द सालँ यांनी १४४३ मध्ये गोरगरिबांसाठी स्थापन केलेले ‘ओतेल-दिय’ हे रुग्णालय रंगीत कौलांच्या छतासाठी प्रसिद्ध आहे. दान मिळालेल्या द्राक्षबागांच्या उत्पन्नावर या संस्थेचे कार्य चालत आले. तिच्या वाइनचा लिलाव १८५९ पासून प्रसिद्ध असून तो नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी होतो. त्या सुमारास शहरात खोली मिळणे कठीण असते.

चौथ्या दिवशी सायकल भाड्याने घेऊन पोमार, मर्सो आणि प्युलिन्यी-मोंराशे या गावांतून सांतनेपर्यंत जावे. बागांमधून गेलेली ही सायकलवाट सुमारे २० किलोमीटरची आहे. पाचवा दिवस सितोचा मठ आणि क्लो द वूजो यांसाठी ठेवावा.

लहान उत्पादकांकडे पूर्वसूचनेशिवाय जाऊ नये. आधी ई-मेलने वेळ ठरवावी. दिवसाला दोन भेटी पुरेशा होतात. दुपारी बारा ते दोन या वेळेत आणि रविवारी अनेक दारे बंद असतात. मे-जून आणि सप्टेंबर हे अनुकूल महिने आहेत. मात्र द्राक्षतोडणीच्या दिवसांत उत्पादकांना पाहुण्यांसाठी सवड नसते.

पेला आणि स्टिअरिंग

या सहलीतील सर्वांत गंभीर निर्णय हाच आहे. फ्रान्समध्ये चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम अल्कोहोल आढळल्यास दंड होतो आणि ८० मिलिग्रॅमपासून तो फौजदारी गुन्हा ठरतो. भारतातील मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. फ्रान्सची मर्यादा सैल दिसते म्हणून हिशेब करीत पिणे धोक्याचे आहे, कारण चाखण्याचे पाच-सहा लहान घोट मिळून सहज एक-दोन पेले होतात. मद्यप्राशन केलेल्या चालकाच्या हातून अपघात झाल्यास भाड्याच्या मोटारीचे विमासंरक्षण बहुतेक करारांत लागू होत नाही.

यावर उपाय सोपे आहेत. प्रत्येक ठिकाणी पिकदाणीसारखे भांडे ठेवलेले असते. वाइन तोंडात घोळवून त्यात थुंकणे हा तेथील व्यावसायिकांचाही रिवाज आहे. त्यानंतरही चालकाने त्या दिवशी दूरच राहावे हे उत्तम. दोन चालक असल्यास दिवस वाटून घ्यावेत. एकच चालक असेल, तर चाखण्याच्या दिवशी मोटार बोनमध्येच ठेवावी. दिजों, न्वी-सँ-जॉर्ज आणि बोन यांना जोडणारी स्थानिक रेल्वे उपलब्ध आहे.

कागदपत्रे आणि रस्त्याचे नियम

- भारतीय पासपोर्टधारकांना शेंगेन व्हिसा आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय प्रवासविमा आवश्यक आहे. पोर्तुगीज पासपोर्ट असलेल्या गोमंतकीयांना व्हिसा लागत नाही.
- मूळ परवान्यासोबत आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना घ्यावा. त्याची मुदत कमाल एक वर्ष असते.
- गिअर न बदलणारी, म्हणजेच ऑटोमॅटिक मोटार हवी असल्यास आरक्षणाच्या वेळीच तसे नमूद करावे.
- वाहतूक उजव्या बाजूने चालते. खुणा नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी लागते. गावांतील अरुंद रस्त्यांवर याचे भान ठेवावे.
- वेगमर्यादा महामार्गावर १३० (पावसात ११०), गावाबाहेरील साध्या रस्त्यांवर सामान्यतः ८० आणि वस्तीत ५० किलोमीटर असते. अनेक गावांत ती ३० पर्यंत उतरते.
- परावर्तक जाकीट आणि इशारा त्रिकोण गाडीत असणे सक्तीचे आहे. मोटार ताब्यात घेतानाच ते तपासावेत.
- परतताना भारतात प्रत्येक प्रौढ प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य शुल्कमुक्त आणता येते. ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या त्यात बसतात, तिसरी बसत नाही.