सावद्याची मोजणी

सावद्याच्या परिसरात केळीच्या बागेचा बांध कुणी सरकवला, की वाद मिटवायला बसलेली मंडळी पहिला प्रश्न एकच विचारतात : मोजणी आणली का? सरकारी मोजणीवर आपला इतका भरवसा आहे. पण १८५२ साली याच सावद्यात मोजणी नको म्हणून दहा ते पंधरा हजार माणसे जमली होती, श्रोतेहो. सैन्याची तुकडी आली, तिने म्होरक्यांना पकडले, तेव्हा कुठे जमाव पांगला.

तेव्हाचे सरकार म्हणजे ईस्ट इंडिया कंपनी. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५ च्या सुमारास इंदापूर भागात जमीनपाहणीची नवी पद्धत सुरू केली आणि १८४७ मध्ये तिचे नियम पक्के झाले. ३३ फुटांची साखळी टाकायची. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एकर. प्रत्येक शेताला नंबर, हद्दीवर दगड, मातीची प्रत आण्यांत आणि त्यावरून ठरलेला सारा तीस वर्षे कायम.

कागदावर हे सारे सरळच होते. मग लोक का बिथरले? मला तरी कारण उघड दिसते. जुना हिशेब बिघ्यांचा, तोही बराचसा अंदाजाचा. वहीतला बिघा आणि शेतातला बिघा यांत फरक असे आणि त्या फरकावर कुटुंबाचे दोन घास निघत. तापीकाठची काळी जमीन साखळीने मोजली, तर सारा वाढणार, ही धास्ती खोटी कशी म्हणावी? शिवाय मोजणारा माणूस परका.

अशीच गोष्ट जपानमध्ये वीस-पंचवीस वर्षांनी घडली. १८७३ मध्ये तिथल्या सरकारने जमिनीच्या किमतीवर तीन टक्के कर बसवला. मोजमाप बहुतेक शेतकऱ्यांनीच करून द्यायचे होते. साहजिकच पुष्कळ शेते कागदावर लहान झाली. तरीही १८७६ मध्ये इबाराकी आणि मिए या भागांत उठाव झाले आणि जानेवारी १८७७ मध्ये सरकारला कर अडीच टक्क्यांवर आणावा लागला. सावदेकरांना जे मिळाले नाही, ते तिथल्या शेतकऱ्याने मिळवले.

पण कागदावरची लहान शेते तशीच राहिली. आज जपानमध्ये जमीन, घरे, रस्ते आणि रेल्वे पाहणारे एकच मोठे मंत्रालय आहे. चार खाती एकत्र करून ते जानेवारी २००१ मध्ये उभे राहिले. आपल्याकडे याच कामांसाठी दिल्ली-मुंबईची किती दारे ठोठवावी लागतात, ते सांगायला नको! अशा या मंत्रालयाच्या हाती हद्दींच्या फेरमोजणीचेही काम आहे. १९५१ च्या कायद्याने सुरू झालेली ही मोजणी अजून जेमतेम निम्म्याहून थोडी अधिक झाली आहे. २०११ च्या त्सुनामीत गावेच्या गावे वाहून गेली, तेव्हा जिथे मोजणी झालेली होती, तिथे नवी घरे आणि रस्ते यांचे काम लवकर हाती घेता आले. बाकी ठिकाणी कुणाची हद्द कुठे, इथपासूनच सुरुवात!

म्हणून कंपनीने केले ते बरे केले, असे म्हणायला मात्र जीभ वळत नाही. सैन्य उभे करून लावलेले ते दगड होते. मोजणी सारा वसूल करण्यासाठी झाली. शेतकऱ्याचा हक्क शाबीत व्हावा म्हणून नव्हे. तो उपयोग पुढे लोकांनी आपल्या गरजेने काढला. सर्व्हे नंबर आले, एकत्रीकरणानंतर गट नंबर आले, सातबारा आला. सावद्यावरून अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्ता जातो. अशा रस्त्याच्या रुंदीकरणात जमीन गेली, तर भरपाई मागणारा माणूस कचेरीत सातबाराच पुढे ठेवतो. त्यावर क्षेत्र लिहिलेले असते, हेक्टर आणि आर मध्ये. पण घरी येऊन तो सांगतो मात्र गुंठ्यांत.