मारका सांड : गावाचं काम एका घरावर कसं आलं



सांड मारका निघाला की लोक म्हणतात, जातच तशी. थोडं खरं आहे. पण आधी त्याला आवरायचं काम एकट्या मालकाचं नव्हतं, साऱ्या गावाचं होतं. ते मोडत कसं गेलं, हे आज लिहितो.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे (१९८२ पर्यंत हा एकच जिल्हा) सकाळी ढोरं आखरावर जमत आणि ढोरकी त्यांना जंगलात नेई. कोणता गोऱ्हा माणसावर येतो, हे मालकाच्या आधी ढोरक्याला समजे. आडवा उभा राहून मान खाली घालणं, खुरानं माती उकरणं, डुरकणं, ही त्याची लक्षणं. मग मालकाला निरोप जाई, गोऱ्हा बडवून घ्या. नांगराचे गोऱ्हे दोन-चार दाती झाले की तसेही बडवतच. गायींसाठी अंगानं चांगला अन् स्वभावानं शांत असा एखादाच ठेवत.

देवाच्या नावानं सोडलेल्या सांडाची गोष्ट वेगळी. त्याला ना मालक, ना वेसण. २००८ चा 'वळू' सिनेमा पाहिला असेल तर जास्त सांगायला नको.

बडवणं म्हणजे ठेचणंच, जनावराला यातना फार. २० व्या शतकाच्या सुरुवातीला इटलीतल्या बर्डिझो नावाच्या पशुवैद्यानं चिमटा काढला. कातडी न कापता आतली नस दाबली जाते. उघडी जखम नाही, म्हणून अळ्या पडायची भीती नाही. तोच चिमटा आजही गुरांच्या दवाखान्यात आहे.

सरकारनंही यात हात घातला होता. १८७१ च्या कायद्यानं दुसऱ्याच्या वावरात शिरलेलं ढोर कोंडवाड्यात टाकता येई. मुंबई इलाख्यात १९३३ साली पशुधन सुधारणेचा कायदा झाला. त्यानं सांड ठेवायला परवाना लावला आणि निकामी सांड खच्ची करायचा हुकूम देता येऊ लागला. आपण तेव्हा मध्यप्रांतात होतो.

मग एकेक दोर तुटला. कृत्रिम रेतन आलं, गावाला सांडाची गरज उरली नाही. ट्रॅक्टर आला, गोऱ्ह्याची किंमत गेली, म्हणून वेळेवर खच्ची करायची घाईही गेली. १९७६ च्या कायद्यात निकामी बैल-सांड दाखला घेऊन कत्तलीसाठी विकायची वाट होती. मार्च २०१५ पासून तीही बंद झाली. कायदा बरा की वाईट, त्यात मी पडत नाही. पण मारका सांड आता आपल्याच दावणीला राहतो, नाहीतर रस्त्यावर सुटतो. ढोरकीही बऱ्याच गावांत उरला नाही. त्याची नजर आता आपल्यालाच ठेवायची आहे.

म्हणून गोठ्यात एवढं पाळा :

१. पोरांना वासराच्या कपाळाला ढकलून खेळू देऊ नका. आज गंमत वाटते, तीन वर्षांनी तोच जीव घेतो.

२. गोऱ्हा एकटा बांधून वाढवू नका, कळपात राहू द्या. माणसाच्याच हातावर वाढलेल्याला माणसाचा धाक राहत नाही.

३. ठेवायचा नसेल तर लहानपणीच डॉक्टरकडून खच्ची करून घ्या. मोठेपणी केलं तर लागलेली सवय लवकर जात नाही. चिमट्यानंतरही काही आठवडे तो गाय गाभण करू शकतो.

४. सांडाजवळ एकट्यानं जाऊ नका, पाठ फिरवू नका. वेसणीला दोन दोर लावा आणि दोन्ही बाजूंनी दोन माणसं ठेवा. निसटायची वाट आधी पाहून ठेवा.

आणि शेवटी, सगळेच गोऱ्हे खच्ची करू नका. आपल्या भागातली कठाणी आता देशी जात म्हणून नोंदली गेली आहे. गावात एक तरी शांत, चांगला कठाणी सांड राहिला नाही, तर नुसत्या नोंदीचं काय करायचं? चार-पाच घरांनी मिळून असा एक सांड सांभाळला, तर खर्चही वाटून जाईल अन् नजरही राहील.

तुमच्या गावात मारक्या सांडाला कसं आवरत होते? जुन्या माणसांना विचारून खाली लिहा.