लाल काचेचा वंश

नवखे हौशी फोटोग्राफर मला बॅगेत काय काय असावं ते विचारतात, तेव्हा मी लेन्सआधी फिल्टरवर येतो. माझ्या लाल फिल्टरच्या कडेवर ‘२५ए’ एवढंच कोरलंय. त्या आकड्याला वंशावळ आहे.

जुन्या काचेच्या प्लेटा निळ्या प्रकाशाला हपापलेल्या, लाल त्यांना जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे आकाश पांढरंफटक आणि ढग गायब. प्लेटवरच्या प्रकाशसंवेदी लेपात, म्हणजे इमल्शनमध्ये, रंग मिसळला तर प्लेटला हिरवंही दिसू लागतं, हे १८७३ साली बर्लिनच्या हेर्मान फोगेल यांनी दाखवलं. १९०६मध्ये क्रॉयडनच्या ‘रॅटन अँड वेनराइट’नं सगळे रंग टिपणारी पॅनक्रोमॅटिक प्लेट बाजारात आणली. तरी निळ्याचं पारडं जडच राहिलं. त्याला आवर घालायला तिथेच रंगीत जिलेटिनचे फिल्टर तयार झाले. तिथले शास्त्रज्ञ केनेथ मीस कोडॅकच्या जॉर्ज ईस्टमनला हवे होते. मीसनी अट घातली, आधी आमची कंपनी घ्या. १९१२मध्ये कोडॅकनं ती घेतली, फिल्टरांवर नाव मात्र रॅटनचंच राहिलं. माझा पंचवीस हा त्याच रॅटन मालिकेतला आकडा.

एप्रिल १९२७मध्ये योसेमिटीत फोटोग्राफर अॅन्सेल अॅडम्सनी हाफ डोम या कड्याचा एक फोटो पिवळ्या फिल्टरनं घेतला. मन भरलं नाही, म्हणून उरलेल्या एकमेव प्लेटसाठी गडद लाल लावला. आकाश काळंभोर उतरलं आणि तोच फोटो गाजला.

कृष्णधवलची हौस असेल तर आधी पिवळा घ्या, त्याला दुप्पट प्रकाश पुरतो. माझ्या लाल पंचविसाला आठपट लागतो, तेव्हा तो घेतलात तर ट्रायपॉडचे पैसेही बाजूला ठेवा.