माफीच्या साक्षीदाराची भाषा

'द युजुअल सस्पेक्ट्स' (१९९५) या चित्रपटात पाच गुन्हेगारांच्या टोळीची हकिकत त्यांच्यातलाच एकजण चौकशी अधिकाऱ्याला सांगतो. ऐकणाऱ्याला जे ऐकायचं आहे ते तो पुरवत जातो. काही नावं तर समोरच्या फलकावरच्या कागदांवरून उचललेली. तो पाहताना मला विल्यम स्लीमनचं 'रामसीआना' आठवत राहिलं.

१८३६ साली कलकत्त्यात छापलेलं हे पुस्तक म्हणजे ठगांच्या गुप्त बोलीचा कोश आणि सोबत पकडलेल्या ठगांशी झालेले संवाद. सोथा म्हणजे वाटसरूला गोड बोलून गळाला लावणारा, भुरतोट म्हणजे गळा आवळणारा, झिरनी म्हणजे खुनाचा इशारा. इशाराही किती साधा : 'तमाखू आणा'. भाषांतरकाराला असा कोश मिळाला की बाकीचं सुचत नाही!

डिसेंबर १८३५मध्ये स्लीमन झाशीत आला, तेव्हा रामचंद्रराव नेवाळकरांना जाऊन काही महिनेच झाले होते. बुंदेलखंडातली ही लहान लहान संस्थानं ठगांच्या सोयीची होती : एका हद्दीत खून, दुसऱ्या हद्दीत घर. जमीनदार लुटीत वाटा घेऊन त्यांना आसरा देतात, ही स्लीमनची तक्रार.

पण संवाद घडले हिंदुस्तानीत आणि छापले गेले इंग्रजीत. ठगांचे सुटे शब्द जपले गेले, त्यांची वाक्यं गेली. बोलणारा माफीचा साक्षीदार. साथीदारांची नावं घेतली तरच त्याचा फास टळणार, आणि त्याच नावांवरून दुसरे फासावर चढणार. १८३६च्या कायद्यानंतर तर ठगांच्या टोळीत असणं सिद्ध झालं तरी जन्मठेप पुरेशी ठरली.

म्हणून सगळं बनावट म्हणावं का? नाही. फिरंगिया या साक्षीदाराने दाखवलेल्या आमराईत खरोखरच प्रेतं निघाली, आणि स्लीमनचा तंबू त्याच आमराईत ठोकलेला होता. मला संशय आहे तो प्रश्नांचा. ते पुन्हा पुन्हा देवीकडे वळतात, आणि उत्तरंही मग तिकडेच जातात. मेडोज टेलरची कादंबरी (१८३९) आणि 'द डिसीव्हर्स' (१९८८) हा चित्रपट याच वाटेने गेले. पोटासाठी, लुटीसाठी बाहेर पडलेला माणूस मागे पडला, पडद्यावर उरला तो कालीचा भक्त.

'अप्रूव्हर'ला मराठीत आपण माफीचा साक्षीदार म्हणतो. या माणसांना सुटका मात्र मिळाली नाही. जबलपुरात पहाऱ्याखाली ते तंबू आणि गालिचे विणत राहिले.