तंतूतला ताण

मिरजेत सतारमेकरांच्या एका दुकानात कारागीर तंबोऱ्याची खुंटी पिळत होता. तार तीच, लांबी तीच. पीळ बसेल तसा सूर चढत होता. तेव्हापासून 'तंतू' या शब्दाने माझा पिच्छा पुरवला आहे.

भौतिकशास्त्रातल्या 'स्ट्रिंग'चं भाषांतर आपण 'तंतू' असंच करतो. त्या स्ट्रिंग थिअरीची जन्मकथा थोडक्यात अशी: 1968 मध्ये व्हेनेझियानो यांना ऑयलरच्या जुन्या बीटा फलनात कणांच्या टकरींचं गणित सापडलं आणि दोनेक वर्षांत नांबू, नील्सन व ससकिंड यांनी, ज्याने त्याने आपापलं, ते थरथरत्या तंतूचं असल्याचं ओळखलं. नांबूंचं सूत्र पाहा. तंतू सरकताना अवकाश-काळात जो पट्टा उमटतो त्याचं क्षेत्रफळ, गुणिले ताण. तंतू कशाचा, किती जाड, हे विचारायचंच नाही. जाडी नाहीच, आहे तो ताण. सुरुवातीला तो सुमारे 15 टनांचा धरला होता, म्हणजे अणुगर्भात मावणाऱ्या तंतूला भरलेला ट्रक टांगावा! 1974 मध्ये शेर्क आणि श्वार्झ यांनी तंतूच्या एका नकोशा कंपनात गुरुत्वाकर्षणाचा कण ओळखला आणि खुंटी एकावर 38 शून्यं इतक्या पटींनी पिळली.

आणि 'तंतू' आला 'तन्' या धातूवरून, म्हणजे ताणणे. ताण, तान, तंबूचा तणावा सगळे त्याचेच. लॅटिनमार्गे आलेलं आपलं रोजचं 'टेन्शन'सुद्धा त्याच्याच भाऊबंदांतलं! कुणी म्हणेल, भाषांतरकाराने बारीक वस्तूला बारीक शब्द दिला, इतकंच. असेल, पण 'धागा' किंवा 'दोरी' घेतली असती तर हा ताण हातचा गेला असता. खुद्द इंग्रजी 'स्ट्रिंग'च्या मुळाशीही 'ताठ, घट्ट' हाच अर्थ सांगतात.

राहिली 'तार'. माझे एक गाणारे स्नेही ती अस्सल संस्कृत मानतात आणि तार सप्तकाकडे बोट दाखवतात. मला ते पटत नाही. तिथला 'तार' म्हणजे उंच सूर. तो वाद्याविना गळ्यातही लागतो. वाद्यावरची तार फारसी आहे. सतारीचं मूळ नावच 'सेह-तार', तीन तारांची. मात्र फारसीत 'तार' म्हणजे मागावरचा उभा, ताणलेला धागाही, आणि 'तार-ओ-पूद' म्हणजे आपला ताणाबाणा. तेव्हा माझ्या हिशेबी हीदेखील 'तन्'चीच लेक, इराणात वाढलेली आणि तंबोऱ्यावर माहेरी परतलेली.