आश्रय आणि अन्न

संघ बंद पडला की त्याच्या विजयांची नोंद मागे उरते. त्यातील खेळाडूंचे पुढे काय झाले, हे सहसा कोणी लिहून ठेवत नाही. मुंबईच्या महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली आणि २०१० मध्ये कंपनीने हा संघच विसर्जित केला. पुण्याचा डीएसके शिवाजीयन्सही २०१७ नंतर आय-लीगमध्ये दिसला नाही. एका निर्णयासरशी खेळाडूंचे मैदान गेले आणि वेतनही.

कोल्हापूरचा इतिहास याहून वेगळा आहे. १ मार्च १९४९ रोजी संस्थान विलीन झाले, राजाश्रय संपला. फुटबॉल मात्र टिकला. तो पेठांच्या तालमींत रुजला होता. पाटाकडील, बालगोपाल, दिलबहार, खंडोबा या संघांच्या नावांत आजही ‘तालीम’ आहे. कुस्तीच्या आखाड्याचा वारसा चेंडूने पुढे नेला. पेठ आहे तोवर तिचा संघ कोणी एका सहीने बंद करू शकत नाही.

तथापि या अभिमानाची मर्यादाही आपण ओळखली पाहिजे. तालीम खेळाडूला नाव देते, शाहू स्टेडियमवरची गर्दी देते; आयुष्यभराची भाकरी तिला देता येत नाही. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला कोल्हापूरचा अनिकेत जाधवही पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे गेला. तालमीने खेळ जगवला. खेळाडूला जगवण्यासाठी संस्थाच लागतात. म्हणून दूरच्या शहरात बंद झालेला संघही पेठेतल्या एखाद्या मुलाची वाट अडवून जातो.